पेटी चिंध्यांची, खुंटी गिऱ्हाइकांची

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई नऊ वर्षांपासून घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, दोन खोल्यांचं. पायमशीन पुढच्या खोलीत खिडकीशी. लग्नात माहेरून आलेली पत्र्याची मोठी पेटी आता कटपीस, लेसचे तुकडे आणि चिंध्यांनी भरून गेली आहे. रिळं, हुक, टिच बटनं मिठाईच्या डब्यांत असतात. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस कॅरीबॅगांत घालून खुंट्यांना टांगलेले असतात. गेल्या महिन्यात एका बाईंच्या रेशमी ब्लाउजपीसचा कोपरा उंदरानं कुरतडला आणि ताईंना ७०० रुपये भरून द्यावे लागले. त्याच आठवड्यात धाकट्या मुलाच्या तळव्यात टाचणी गेली. सासूबाई म्हणाल्या, "हे घर आहे का टेलरचं दुकान?" मोबाइलवर ताईंनी शिलाईच्या सामानाची कप्प्याकप्प्यांची कपाटं पाहिली आहेत. बचत गटातून महिना शेकडा दोन रुपये व्याजानं १०,००० रुपये उचलून तसं कपाट घ्यावं, असं त्यांना वाटतं. नवरा म्हणतो, खोक्यांवर भागव. ताई विचारतात, "टाकाऊ खोक्यांत सामान ठेवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? कर्ज काढू का मन मारू?"

ताई, कपाटाचं नंतर बोलू, आधी पेटीचं.

तुमच्या घरात उंदीर शिरणार नाही, माळवदाची माती गळणार नाही आणि कुलूप लावता येईल अशी एकच जागा आहे. ती म्हणजे ही पेटी. ती तुम्ही चिंध्यांना दिलीत, आणि ज्या कापडाचा जाब तुम्हाला द्यावा लागतो ते कापड पातळ पिशवीत खुंटीवर राहिलं. हा तुमचा गबाळेपणा नाही. घरी शिवणाऱ्या बहुतेक बायकांचं असंच होतं, माझ्या आईचंही झालं होतं. चिंधी पहिल्या दिवसापासून साठत जाते, तिला जागा करून द्यावी लागते. गिऱ्हाइकाचं कापड आज येतं, परवा जातं. पाहुण्यासारखं. म्हणून त्याला कायमची जागा करायचं कुणाच्या मनातच येत नाही. पण पाहुणे रोज येत असतील, तर त्यांची अंथरुणं वेगळी ठेवावीच लागतात ना?

मोबाइलवर तुम्ही जी कपाटं पाहिलीत, त्यांत बटनं एका कप्प्यात, लेस दुसऱ्या, रिळं रंगानुसार तिसऱ्या. बघायला छान वाटतं. पण त्यातली बरीच हौसेनं शिवणाऱ्यांची असतात. तिथं सगळं सामान एकाच बाईचं. तुमच्याकडचं अर्धं सामान तुमचं नाहीच, ते लोकांनी विश्वासानं ठेवलेलं आहे. म्हणून वस्तू कोणत्या जातीची हे मागाहून बघा. आधी विचारा, ही कुणाची? दुसरा प्रश्न, हिनं लेकराला इजा होईल का? या दोन प्रश्नांवर लावालाव केली, तर तुमच्या पत्रातली दोन्ही दुखणी, उंदीर आणि टाचणी, कपाटाशिवाय मिटतात. आणि या प्रश्नांवर लावलं नाही, तर १०,००० च्या कपाटातही चिंध्या आधी शिरतील, बघा.

आता कर्जाचा हिशोब. गटाचे १०,००० तुम्ही दहा महिन्यांत, महिन्याला हजार मुद्दल असे फेडलेत, तर पहिल्या महिन्याचं व्याज २००, पुढं १८०, १६० असं उतरत सगळं मिळून १,१०० होतं. साध्या ब्लाउजची शिलाई तुम्ही १५० लिहिली आहे. म्हणजे सात ब्लाउज नुसत्या व्याजात गेले, आणि कपाट फिटायला चौऱ्याहत्तर. कपाट घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण लग्नसराईत हातात किती कापड असतं ते अजून तुम्ही मोजलेलं नाही, आणि मोजल्याशिवाय किती मोठं कपाट लागेल हेही ठरत नाही. मोजायचं कसं ते पुढं येतंच.

धंद्यासाठी कर्ज काढायचंच झालं तर एक चौकशी मात्र करा. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजानं, अशी त्यात तरतूद आहे. ५ टक्के वर्षाला, हे लक्षात घ्या. गटाचं शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ पडतं. नोंद एका कुटुंबातल्या एकालाच करता येते. गावच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं होतात त्या केंद्रात विचारा. तो पैसा मिळाला तर मशीनला मोटर बसवा, चांगली कात्री घ्या. सामान ठेवायला तो घालवू नका.

"गिऱ्हाईक काय म्हणेल" या प्रश्नाकडे मला थोडं थांबून बघायचं आहे. तुम्हाला वाटतं की खोकं दिसलं तर काम हलकं वाटेल. पण बायका टेलरबद्दल आपसांत काय बोलतात ते आठवा. कापड मारलं म्हणतात. तारखेला दिलं नाही म्हणतात. मापाचं ब्लाउजच हरवलं म्हणतात. रिळं कशात ठेवली होती, हे कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गिऱ्हाइकाला आपलं कापड नीट सांभाळलेलं दिसलं पाहिजे. ते जुन्या साडीच्या पिशवीतही दिसतं. आणि टाकाऊपासून केलेलं हलकं, हे कुणी ठरवलं? दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. तिथं चिंध्यांचा आणि रद्दीचा लगदा करून शेकडो वर्षं हातकागद बनवला गेला. त्या कागदाला पाहून कुणी चिंधी म्हणत नाही.

तर पहिलं काम पिशव्यांचं. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या, बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल. एक जुनी सुती साडी घ्या, सासूबाईंची नऊवारी असेल तर उत्तमच. तिच्यातून ३४ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब पट्ट्या काढा. पट्टी मधोमध दुमडायची, दोन्ही बाजू शिवायच्या, वर नाडीसाठी नेफा घालायचा. जीर्ण भाग सोडला तरी एका साडीत बारा पिशव्या निघतात. प्रत्येकीवर बाहेरून एक छोटा पारदर्शक खिसा लावा. नव्या साड्या ज्या प्लास्टिकच्या पाकिटात येतात, तेच कापून. प्लास्टिक शिवताना टाका मोठा ठेवा. बारीक टाक्यानं ते भोकाभोकांच्या रेषेवर फाटतं.

एक गिऱ्हाईक, एक पिशवी. ब्लाउजपीस, अस्तर, मापाचं ब्लाउज, तिच्यासाठी आणलेले हुक आणि मॅचिंगचं रीळ, सगळं त्याच पिशवीत. खिशात चिठ्ठी: नाव, कधी आलं, कधी द्यायचं, गळा कसा, बाही केवढी, किती पैसे ठरले, आगाऊ किती मिळाले. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. पावसाळ्यात दमट हात लागला तर शाईपेन-जेलपेनची शाई पसरते आणि रेशमावर उतरलेली शाई सहजी निघत नाही. शिवून झाल्यावर उरलेला तुकडा, अगदी बोटभर असला तरी, त्याच पिशवीत परत घाला आणि कापड देताना तिच्या हातात द्या. "कापड मारलं" हे वाक्य त्या तुकड्यापुढं उभं राहत नाही. शिवाय कधी उसवलं, बाही वाढवायची झाली, तर तिच्याकडं तेच कापड असतं. असे तुकडे तुम्ही परत देत गेलात, तर पेटीतली निम्मी गर्दी मुळात होणारच नाही.

या पिशव्या पेटीत उभ्या लावायच्या, वह्या लावतो तशा, चिठ्ठीची बाजू वर. आडव्या रचल्या तर उतरंडीसारखं होतं. खालचं मडकं हवं असलं की वरची सगळी उतरवा. उभ्या लावताना देण्याची तारीख जवळ असलेली डावीकडे, लांबची उजवीकडे. सकाळी पेटी उघडायची, त्या दिवसाच्या दोन-तीन पिशव्या काढून खुंटीला टांगायच्या, दिवे लागायच्या आत काम झालेल्या आणि राहिलेल्या परत पेटीत. खुंटीवर रात्री काही राहू द्यायचं नाही. उंदीर सुती पिशवीही कुरतडतो, पत्रा नाही.

आणि मोजणी इथंच होते. बाराच्या बारा पिशव्या महिन्यातून किती दिवस भरलेल्या असतात, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी सुरू होतात, तेव्हापासून दोन महिने करा. पंचवीस-तीस पिशव्या लागायला लागल्या आणि पेटीत मावेनात, तर कपाटाची गरज खरी. तेव्हा आकार ठाऊक असेल, गटाच्या बैठकीत आकडा घेऊन बसता येईल आणि नवऱ्यालाही सांगता येईल.

फॉल-पिकोला येणाऱ्या जरीच्या साड्या मात्र या पिशव्यांत कोंबू नका. पैठणी किंवा रेशमी साडी मऊ धुतलेल्या धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी, पुठ्ठ्यावर. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवला तरी कापड खाणारी कसर बरीच आटोक्यात राहते.

पेटी रिकामी करायची तर चिंध्यांचं काय, हा प्रश्न येणार. कडक व्हा. हाताच्या पंज्यापेक्षा मोठा तुकडा गोधडीसाठी, लहान तुकडा उशीत किंवा लोडात भरायला. दोन्हींसाठी मिळून एकच धान्याचं पोतं. ते भरलं की गोधडी टाकायची किंवा ज्या बाई वाकळ शिवतात त्यांना द्यायचं, दुसरं पोतं काढायचं नाही. लेसचे वीतभर तुकडे "कधीतरी लागतील" म्हणून नऊ वर्षं ठेवलेत, त्यांतले किती लागले ते तुम्हालाच माहीत.

आता टाचणी. मूल घरात आहे तोवर हा विषय पिशव्यांइतकाच महत्त्वाचा. तुमच्या माळवदाच्या घरात भिंतीत देवळी, म्हणजे कोनाडा, असेलच, बहुधा मशीनपासून हातभर वर. तिला जुन्या जीन्सचा पडदा शिवा, खालच्या काठाला दोन टिच बटनं लावून चौकटीवर ठोकलेल्या पट्टीला ती बसतील असं करा. सुया, टाचण्या, हुक, बटनं, कात्री, मशीनचं तेल, सगळं त्या देवळीत. पोराचा हात पुरत नाही आणि तुमचा बसल्या जागी पुरतो. जीन्सला १६ किंवा १८ नंबरची सुई घाला, १४ नंबर मोडायची भीती असते.

सुयांना गंज लागू नये म्हणून माझी आजी त्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यात खोचून ठेवायची. लोकरीत थोडा तेलकटपणा असतो. घोंगडीचा तळहाताएवढा तुकडा मधोमध दुमडून पुस्तकासारखा करा. एका पानावर हातसुया, दुसऱ्यावर मशीनच्या. ११, १४, १६, १८ असे नंबर रंगीत दोऱ्यानं भरून घ्या. मोडलेली सुई केरात टाकू नका. झाकणाची एक औषधाची बाटली फक्त मोडक्या सुयांची. सुई मोडली की तुकडे जुळवून पुरे झाले का ते बघा, मगच उठा.

जुन्या रेडिओच्या किंवा टेपच्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं तर घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोज रात्री मशीनखाली फरशीवरून फिरवा. टाचण्या पिशवीला चिकटतात. पिशवी उलटी केली की सुटतात, चुंबकाला घासून काढत बसावं लागत नाही. सासूबाईंचं ते वाक्य मला रागापेक्षा काळजीचं वाटलं. नातवाच्या पायात टाचणी गेली त्या आठवड्यात त्या बोलल्या. हे चुंबक त्यांच्यासमोर फिरवा.

कात्रीच्या टोकाला ठिबकच्या नळीचा चार बोटं तुकडा चढवा. शेतात तसे तुकडे पडलेलेच असतात. कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधा, म्हणजे शाळेच्या प्रोजेक्टचा कागद तिनं कुणी कापणार नाही.

रिळांसाठी मला एकच पद्धत आवडते, कारण माळवदाच्या मातीपुढं बाकी सगळ्या हरतात. भिंतीवर फळीला खिळे ठोकून रिळं लावतात, दिसायला छान. पण तुमच्या घरी आठवड्यात त्यांवर मातीचा थर बसेल, ती माती दोऱ्याबरोबर मशीनच्या ताणाच्या चकत्यांत जाईल आणि टाका बिघडेल. खिडकीतलं ऊन दोरा कच्चा करतं ते वेगळंच. त्यापेक्षा बुटाचं खोकं घ्या. सायकलवाल्याकडून चाकाच्या जुन्या तारा मागून आणा. खोक्याच्या लांब बाजूंना समोरासमोर भोकं पाडून तारा आरपार घाला, एका तारेवर चार-पाच रिळं ओवा. तारेच्या दोन्ही टोकांना खोडरबराचा तुकडा खोचा. झाकण लावा. त्याच रंगाची बोबीन रिळाशेजारी तारेवरच ओवली की शोधाशोध संपते. जुनं रीळ आत घालण्याआधी हातभर दोरा झटका देऊन तोडून बघा. पटकन तुटला तर तो हातानं कच्चे टाके घालायला ठेवा, मशीनला नको.

खोक्याला टिकाऊ करायचं तर त्यावर कापड चिकटवा. एक वाटी मैदा थंड पाण्यात गाठी न होता कालवा, पाणी चार-पाच वाट्या, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर ब्रशनं पुठ्ठ्याला लावून कापड ताणून बसवा, कडक उन्हात वाळवा. आपल्याकडचं ऊन या कामाला फार चांगलं, पण पावसाळ्यात हे करू नका, खळ ओली राहते आणि बुरशी येते. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे आणि घरात लेकरू आहे. शिवाय ओलाव्यात मोरचूद लोखंड खातं, म्हणजे सुया-हुकांना तेच बाधणार.

मशीनच्या टेबलाला उजव्या हाताशी एक छोटी पिशवी टांगा, तोंडाला तारेची रिंग घालून, दोऱ्याच्या तुकड्यांसाठी. एवढ्यानं खोलीचा अर्धा केर कमी होतो.

या सगळ्याला लागतील त्या टिच बटनं, नाडी आणि खिळ्यांसारख्या चिल्लर वस्तू. आठवडी बाजारातल्या मॅचिंग सेंटरमधून शंभर-दीडशेच्या आत यावं. वेळ मात्र लागेल. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, अर्धवट उलथलेलं घर आणि दारात गिऱ्हाईक, असं व्हायला नको. पहिल्या दिवशी फक्त पेटी रिकामी करा आणि टाचण्या देवळीत न्या. मग रोज दोन पिशव्या.

नवऱ्याचं म्हणणं वरवर बरोबर निघालं, म्हणून तुम्हाला वाईट वाटू नये. "भागव" या शब्दात तुमच्या कामाला दुय्यम धरलेलं आहे, आणि मला वाटतं तुमच्या कपाटाच्या हट्टामागं तेच दुखतं. नऊ वर्षं घरात पैसा आणणाऱ्या कामाला घरात स्वतःची हक्काची जागा नाही. ते मागा. पेटी, देवळी आणि खिडकीकडची भिंत शिलाईची, तिथं दुसऱ्या कुणी काही ठेवायचं नाही, हे चारचौघांत स्पष्ट सांगा. ते कपाटानं आपोआप मिळत नाही, ताई. कपाट आणलंत तरी वरच्या कप्प्यात कुणाची तरी कागदपत्रं आणि मधल्यात पाहुण्यांच्या चादरी येऊन बसतात.

एक काम मुद्दाम सासूबाईंसाठी ठेवलं आहे. चालू कामाच्या सामानासाठी, म्हणजे टेप, खडू, पट्टी आणि हाताखालची दोन रिळं, एक टोपली हवी. ती कागदाच्या लगद्याची करा. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी अशा टोपल्या पीठ-डाळी ठेवायला केल्या असतील. रद्दी फाडून दोन-तीन दिवस भिजवायची, पिळून उखळात कुटायची, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या मिसळायच्या. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळं किडा सहसा लागत नाही. पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं टाकून त्यावर लगदा बोटभर जाडीनं थापायचा, कडक वाळेपर्यंत उन्हात ठेवायचा, मग पातेलं काढून घ्यायचं. वरून तुमच्याकडच्या कटपीसचे रंगीत तुकडे चिकटवा. मेथ्या किती घालायच्या, हे मी इथं लिहीत नाही. ते सासूबाईंना विचारा आणि भिजवायलाही त्यांनाच सांगा.